पाणी पिऊन सांगतो

आमच्या रस्त्यावर एक मिस्त्री आहेत. ते पाणी प्यायल्याशिवाय गाडीचं दुखणं सांगत नाहीत. गाडी चालू करायला लावतात, टाकीवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात, आणि आता सांगणार म्हणून आपण कान पुढे केला की उठून म्हणतात, "थांबा, पानी पिऊन सांगतो." मग आत जातात.

उन्हाळ्यात एक वेळ समजण्यासारखं आहे. पण डिसेंबरात, लोक मफलर गुंडाळून दुकानासमोर कुडकुडत उभे असतानासुद्धा हे आत पाणी पितात. गिऱ्हाइकांनी त्यावरून आडाखे बांधले होते. लगेच बाहेर आले तर प्लग. जरा वेळ लागला तर कार्बोरेटर. आणि बाहेर येऊन काही न बोलता पुन्हा आत गेले, तर गाडीवाला तिथंच फरशीवर बसकण मारायचा, कारण इंजिन खोलावं लागणार हे ठरलेलं.

त्यांना मी उत्तम आबा म्हणेन. हे त्यांचं खरं नाव नाही. हसनाबाद ते केदारखेडा या पट्ट्यात त्यांचं दुकान नेमकं कुठं आहे तेही सांगणार नाही, कोणी कितीही विचारलं तरी. का, ते पुढं कळेलच.

आधी माझी रडकथा. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा घनसावंगीकडं साखर कारखान्यात, रविवारपुरता घरी. त्याची बारा वर्षांची मोटारसायकल अंगणात धूळ खात पडलेली, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ती शिकले. कशी शिकले ते विचारू नका, सासऱ्यांच्या कडब्याच्या गंजीला चांगलं आठवतं. स्कूटी घ्या म्हणून सल्ला देणारे पुष्कळ भेटले, पण शाळेच्या अलीकडं दीड किलोमीटर काळी माती आहे. पावसाळ्यात तिथं स्कूटी नुसती बसते, आणि मग आपणही बसतो.

तर या गाडीनं गेल्या फाल्गुनात नवीनच नाटक सुरू केलं. पळताना झकास, थांबली की मेली. मेंढ्यांचा कळप आडवा आला, बंद. गतिरोधकाला हळू केली, बंद. शाळेच्या फाटकात पोरांनी "नमस्ते मॅडम" म्हटलं, मी मान हलवण्यापुरती थांबले, बंद. सेल्फ कधीचाच गेलेला, त्यामुळे दर खेपेला किक. ओढणी कमरेला बांधून, पर्स गळ्यात अडकवून मी किका मारतेय आणि पारावरची मंडळी बसल्या जागेवरून सल्ले देतायत, हा रोजचा देखावा होता. एक म्हणायचा चोक ओढा, दुसरा म्हणायचा चोक बंद करा. तिसरा उठून यायचा आणि म्हणायचा, "सरका मॅडम, तुमच्यानं न्हाई व्हायचं." त्याच्यानंही व्हायचं नाही, पण ते कोणी मोजायचं नाही.

पहिल्या मिस्त्रीनं प्लग बदलला. दुसऱ्यानं एक स्क्रू पिळून स्लो वाढवून दिली, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन जास्त जोरात फिरायला लागलं. गाडी जागच्या जागी अशी गुरगुरायची की हेडसर वर्गातून बाहेर येऊन बघून गेले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ती गुरगुरता गुरगुरताच बंद पडली. आणि दोघांही मिस्त्र्यांनी शेवटी एकच निदान केलं, "मॅडम, तुम्ही क्लच बराबर सोडत नसान."

नवऱ्याला फोन केला, तोही म्हणाला, "क्लच सावकाश सोडत जा गं." सासऱ्यांना मी मामा म्हणते. माणूस मायाळू आहे, पण मत एकदा तयार झालं की सिमेंटचं. ते म्हणाले, "बाईमानसाच्या हातात गिअरची गाडी टिकत न्हाई." आणि ठरवूनच टाकलं: येत्या रविवारी त्यांच्या ओळखीतला माणूस गाडी बघायला येणार, पसंत पडली की घेऊन जाणार, आणि मी सोमवारपासून जीपनं शाळेत जाणार.

जीप माणसं भरल्याशिवाय हलत नाही. म्हणजे मी घरातून कधी निघायचं आणि शाळेत कधी पोचायचं हे जीपवाला ठरवणार. लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांतच मला माझी अशी वेळ मिळाली होती. वाटेत थांबून शेवग्याच्या शेंगा घेता येत होत्या. आईची तब्येत बिघडली तर कोणाला न विचारता जाऊन येता येत होतं. हे सगळं रविवारी कोणीतरी किक मारून घेऊन जाणार होतं, आणि वर गाडी बाईच्या हातानं बिघडली हे कायमचं माझ्या नावावर लागणार होतं. खरं सांगू का, सगळेच म्हणायला लागले तेव्हा मलाही वाटायला लागलं होतं की क्लच माझाच चुकत असणार.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आबांकडं गेले. जायला नको वाटत होतं, कारण माणूस विक्षिप्त म्हणून नावाजलेला. मोठ्या आवाजात बोलायचे, जणू आपण शेताच्या पलीकडच्या बांधावर उभे आहोत. फोन वापरायचे नाहीत. "फोनमधी गाडी दिसत न्हाई," हे त्याचं कारण. कोणी मागून हॉर्न वाजवला तर ढिम्म. एकदा त्यांच्या दुकानासमोरून अख्खी वरात डीजेसकट गेली, पत्रे थरथरत होते, आणि आबांनी कार्बोरेटरवरची मान वर केली नाही. लोक म्हणाले, ध्यान असावं तर असं.

मी गाडी लावली आणि त्यांच्या पाठीमागून सुरुवात केली, "आबा, ही गाडी ना..." काही नाही. पुन्हा म्हटलं. मग त्यांची नजर माझ्या सावलीवर गेली आणि ते वळले.

"समोर या. तोंडाकडं बघून बोलायचं आपल्याशी."

केवढी ही गुर्मी, मी मनात म्हटलं. पण गरज माझी होती. समोर गेले आणि सगळं सांगितलं, शेवटी क्लचचंही कबूल करून टाकलं.

"तुमचं कोन इचारलं? मी गाडीचं इचारून राह्यलो," आबा म्हणाले. "पळतानी बंद पडती?"

"नाही."

"उभी केली की?"

"हो."

"सकाळी जास्त का गरम झाल्यावर?"

मी विचार केला. महिनाभरात हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. "गरम झाल्यावर."

आबांनी मान डोलावली. "पळती तर कोन्तीबी गाडी. उभी ऱ्हायली पाहिजे. बिलकुल शांत, एका जागी. त्याच्यातच तिची तब्येत कळती." मग त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीनं पिळलेला तो स्क्रू उलटा फिरवून स्लो होती तशी केली. "सात दिवस ट्रायल. रोज संध्याकाळी यायचं, त्या खिडकीखाली गाडी उभी करायची, बंद पडंपस्तोर चालू ठिवायची. एक्सलेटरला हात न्हाई लावायचा. बोलायचं न्हाई. खोकायचं न्हाई."

"आबा, रविवारी गाडी विकून टाकतायत घरचे."

"मंग शनिवारपस्तोर," ते म्हणाले.

दुकानाला लागूनच त्यांचं घर. खिडकीला गज, अर्ध्यावर फुलाफुलांचा पडदा. मी गाडी तिथं लावली. ती फटफटत राहिली, मग धापा टाकल्यासारखी झाली आणि बंद पडली. आबा टाकीवर हात ठेवून डोळे मिटून उभे. "पानी पिऊन सांगतो." आत गेले, आले. "उद्या या."

मंगळवारी तेच. बुधवारी तेच, फक्त मध्येच एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीतल्या पायपांचा खणखणाट करत गेला, आणि आबा दोनदा पाणी पिऊन आले. तिकडं मामांनी गाडी धुऊन ठेव म्हणून सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं.

"आबा," मी समोर जाऊन म्हटलं, "एवढी तहान लागते तर माठ बाहेरच आणून ठेवा की. तेवढाच वेळ वाचेल."

"आतलं पानी गार ऱ्हातं," आबा शांतपणे म्हणाले.

गुरुवारी ऊन भयंकर होतं. दोन शिक्षक रजेवर, त्यामुळे चार वर्ग एकटीनं सांभाळलेले, घशाला नुसती कोरड. गाडी खिडकीखाली बंद पडली, आबा ठरल्याप्रमाणे आत गेले, आणि मला वाटलं, आपणही प्यावं की एवढं गार पाणी. मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागं आत गेले.

"आबा, मलाही द्या घोटभर," मी दारातून म्हटलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

माठ कोपऱ्यात होता, झाकणासकट. आबा त्याच्याजवळ नव्हतेच. ते खिडकीशी उभे होते. डाव्या हातात गिलास होता, तो कोरडा ठणठणीत. उजवा हात त्यांनी पुढे धरला होता, तळवा वर करून. खिडकीला लागून पलंग, पलंगावर एक म्हातारी उशीला टेकून बसलेली. मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी, भिंतीवर बुद्धांची तसबीर. ती म्हातारी आबांच्या तळहातावर बोटानं काहीतरी सांगत होती. दोनदा टेकवलं, मग बोट मनगटापर्यंत ओढत नेलं. आबा त्या बोटाकडं असे बघत होते, की वर्गातल्या हुशार पोरानंही फळ्याकडं तसं बघू नये.

तिची नजर माझ्यावर पडली आणि बोट थांबलं.

"आलीच का आत," ती म्हणाली. "ये. बस इथं."

"मी हाक मारली होती," मी चाचरत म्हटलं.

"त्यांना ऐकू येत न्हाई, बाई."

इतकं साधं सांगितलं तिनं. आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. तोंडाकडं बघून बोला. फोन नको. ती वरात. आबा तरुणपणी जालन्यात सळईच्या कारखान्यात होते, वर्षानुवर्षं त्या दणदणाटात काम केलं, आणि कान हळूहळू गेले. नोकरी सोडून दुकान टाकलं तेव्हा थोडं ऐकू यायचं, मग तेही संपलं. हात शाबूत होते. कुठला नट किती पिळायचा ते बोटांना पाठ होतं. पण इंजिन ऐकायचं कोणी? ते काम त्यांच्या बायकोचं, कौसाआजींचं.

आजींचं नावही मी बदललंय. त्यांच्या माहेरी विहिरीवर ऑईल इंजिन होतं, आणि लहानपणी त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम यांच्याकडं. "इंजिन तिकडं, मी झाडाखाली. ऐकूनच वळखायचे पट्टा सरकला का पाईपानं हवा धरली," त्या म्हणाल्या. पाच वर्षांपूर्वी पडून खुबा मोडला, तेव्हापासून पलंग आणि खिडकी एवढंच जग. म्हणून गाडी त्या खिडकीखाली. म्हणून खोकायचं नाही.

"कोनाला सांगू नको," आजी म्हणाल्या. "मिस्त्री बहिरा हाय म्हनलं की कोन गाडी आनीन? अन् बाईनं वळखलं म्हनलं तर मंग बिलकुलच कोनी आनायचं न्हाई."

आबा मध्येच माझ्याकडं, मध्येच आजींच्या ओठांकडं बघत होते. एवढा खणखणीत बोलणारा माणूस, कोरडा गिलास हातात घेऊन चोरी पकडल्यासारखा उभा होता. मग ते माठाशी गेले, गिलास भरला आणि माझ्यापुढं धरला. पाणी खरोखरच गार होतं.

"आता ऐक," आजी म्हणाल्या. "तुझी गाडी हवा वढून राह्यली. बंद पडायच्या अगुदर बारीक शीळ वाजती, खालच्या अंगानं. परवाच शंका आल्ती. काल नेमकं ऐकून राह्यले तर त्या मेल्यानं ट्रॅक्टर घातला मधी. आज पक्कं झालं."

मी गिलास खाली ठेवला. जे विचारायचं होतं ते विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं. "आजी, आणि माझा क्लच?"

"क्लचला काय झालं?"

"सगळे म्हणतात मला सोडता येत नाही."

आजी हसल्या. "दोन वर्सांपून ऐकून राह्यले तुला. सकाळी जाती, संध्याकाळी येती. पहिल्या महिन्यात लई हिसके द्यायची, वाटायचं पडती का काय ही पोरगी. आता या रस्त्यानं तुझ्याइतका हलका क्लच कोनी सोडत न्हाई. तो दूधवाला तर नुसता उपटतो."

मला रडू आलं. पाच मिनिटांपूर्वी जिचं तोंडही पाहिलं नव्हतं त्या बाईसमोर, गोधडीचं टोक हातात धरून मी चांगली मुसमुसून रडले. महिनाभर पारापासून घरापर्यंत प्रत्येकानं मला क्लच शिकवला होता, आणि इथं कोणीतरी दोन वर्षं रोज दोन वेळा माझी परीक्षा घेऊन मला पास करून बसलं होतं. मला पत्ताच नव्हता.

बाहेर आल्यावर आबांनी गाडी चालू केली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबर असतं, त्याच्या खालच्या बाजूला त्यांनी साबणाचं पाणी शिंपडलं, आणि माझा हात धरून टाकीवर ठेवला. "बघा. थरथर बदलली का न्हाई?" बदलली. क्षणभर टाकी शांत झाली आणि पुन्हा कापायला लागली. रबराला केसासारखी चीर होती, वरून दिसत नव्हती, इंजिन गरम झालं की उघडत होती. खिडकीच्या गजावर आतून टक् करून वाजलं, शीळ तेवढ्यापुरती थांबल्याची आजींची खूण. आबांना ते ऐकू गेलं नाही, मी त्यांना खुणेनं सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

शुक्रवारी आबांनी भोकरदनहून रबर आणवलं, शनिवारी बसवलं.

रविवारी मामांचा माणूस आला. मी गाडी अंगणात चालू करून ठेवली आणि चहा करायला आत गेले. चहा उकळला, गाळला, कपात आला, पिऊन झाला, आणि गाडी अंगणात उभीच, आपली एका लयीत. पाहुणा खूष झाला. म्हणाला, "लई भारी हाय, आजच नेतो." हा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. मी मामांकडं पाहिलं. मामांनी उठून गाडीला एक फेरी मारली.

"चांगली चालून राह्यली तर इकायची कशाला?" ते म्हणाले. पाहुणा चहा पिऊन मोकळा गेला. मग मामांनी विचारलं, "क्लच प्लेटा बदलल्या का?"

"नाही मामा. क्लच ठीकच होता."

"कोन म्हनलं?"

"मिस्त्री," मी म्हणाले. यात काही खोटं नव्हतं. मामांनी मान डोलावली, आणि सिमेंटला तेवढी एक चीर मी डोळ्यांनी पाहिली.

याला आता वर्ष होत आलं. माझी ट्रायल कधीच संपली, पण मी रोज शाळा सुटल्यावर त्या खिडकीखाली दोन मिनिटं गाडी चालू ठेवून थांबते. काही बोलत नाही, नियम म्हणजे नियम. कधी शेवग्याच्या शेंगा गजांतून आत देते. एकदा सुट्टीच्या दिवशी आत बसले होते, दुकानात एकही गाडी नव्हती, तरी आबा आत आले आणि आजींपुढं तळहात धरून पलंगाच्या कडेला बसले. आजी कितीतरी वेळ त्यावर बोट फिरवत होत्या.

"आता कुठली गाडी?" मी विचारलं.

"गाडी कुठली," आजी म्हणाल्या. "दिवसभरात काय काय वाजलं ते सांगून राह्यले. शाळेची घंटा. शेजारच्या घरची भांडी पडली. दुपारी कोकिळा आल्ती लिंबावर. त्यांना रोज लागतं ते, न्हाई सांगितलं तर जेवत न्हाईत."

प्रत्येक ओळखीच्या आवाजाची एक खूण ठरलेली आहे. दूधवाल्याची खूण म्हणजे करंगळी धरून जोरात ओढायची. आबा हसून कळवळतात, तरी रोज हात पुढं करतात. माझीही खूण आहे का, असं मी विचारलं. आजींनी आबांचा तळवा जवळ घेतला, त्यावर आपला हात अलगद टेकवला, आणि अगदी सावकाश, कळेल न कळेल असा उचलून घेतला.

काल संध्याकाळी मी थांबले तेव्हा आबा आत होते, रस्त्याकडं पाठ करून. माझी गाडी खिडकीखाली शांत चालू होती. आजींनी त्यांच्या तळहातावर हात टेकवला आणि सावकाश उचलला. आबांनी मागं वळून न बघताच हात वर केला आणि शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "या, मॅडम. पानी पिऊन जा."